ठमाईची चिंधी

वाऱ्याच्या खिंडीत सडक न्हवती, सडक कशाला म्हंत्यात हे बी कुनाला ठावं न्हवतं, तवाची ही गोष्ट. ऐकायची तर नीट ऐका. मधी खिदळायचं न्हाय.

हिरडेखोल गाव डोंगराच्या काखंत दडवून ठिवल्यागत. गावाच्या डोईवर खोलाईदेवीची राई. झाडी एवढी दाट, की भर उन्हाळ्यात बी खालचा पाचोळा वला. त्या राईतली काडी भाईर न्यायची न्हाय, फूल तोडायचं न्हाय, झाडाला लोखंड लावायचं न्हाय. लोखंड लावायची मुभा एकट्या राखन्याला, आन ती बी बांडगूळ काढन्यापुरती. बांडगूळ म्हंजे दुसऱ्याच्या अंगावर बसून त्येचंच रगात पिनारं झाड. शिमगा झाला की राखन्या कोयता घिऊन राईत शिरायचा, हाताला लागतील तेवढी बांडगुळं तोडायचा आन राईभवतीच्या दगडी गडग्यापल्याड फेकायचा.

राईच्या मधी थोरला हिरडा. तसं डोंगरावर हिरड्यांना तोटा न्हाय, पन ह्येची तऱ्हाच न्यारी. मिरगाच्या तोंडाला ह्येच्याखाली फुलं पडायची. पांढरी, त्यावर गुलाबी ठिपकं, हात लावला तर मेनागत. आता हिरड्याला कदी असलं फूल येतं का? न्हाय येत. म्हनून तर गाव म्हनायचं, ह्यो साधा हिरडा न्हाय, ह्यो खोलाईचा. त्येच्यावर चढायचं न्हाय, मान वर करून टकामका बघायचं न्हाय. खाली पडलेली दोन फुलं उचलायची, पान्यात बुडवायची आन देवीच्या पाषानाला लावायची, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मग इचारायचं. उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाय. ह्यो देवीचा कौल. कौल मिळाल्याबिगर हिरडेखोलात कुनी मूठ पेरत न्हवतं. असं म्हंत्यात.

तवा राईचा राखन्या व्हता बायाजी. कौल बी त्योच लावायचा. मानूस कामाला इमानी, पन डोकं तापल्या तव्यागत आन मन सौंशयानं भरलेलं. शेजारचं कुत्रं त्येच्याकडं बघून भुकलं, तर त्यो शेजाऱ्याला जाऊन इचारायचा, "काय शिकवलंस रं त्येला?" त्येची बायकू गोजरा. तिनं आमटीत मीठ जादा टाकलं तरी म्हनायचा, "कुनी सांगितलं तुला?"

त्या वर्सी थोरला हिरडा वाळाय लागला. शेंडा झडला, फांद्या उघड्या पडल्या. गाव बायाजीकडं तिरकं बघाय लागलं. पानवठ्यावर कुनीतरी म्हनलंच, "राखन्या झोपा काढतोय वाटतं."

झालं. बायाजीचं टाळकं फिरलं. शिमग्याचा रंग अंगावर असतानाच त्यो कोयता घिऊन राईत गेला. कौल न लावता, कुनाला न सांगता थेट थोरल्या हिरड्यावर चढला. त्येच्या बापानं, आज्यानं खालच्या फांद्यांवरची बांडगुळं काढली व्हती. शेंड्याला कुनी गेलं न्हवतं. बायाजी गेला. आन बघतो तर काय! फांदीफांदीला जाड पानांचं झुबकं चिकटल्यालं, आन त्येस्नी गांडुळागत मुळ्या. पांढऱ्या, लोंबत्या, सालीला घट मिठी मारलेल्या.

"हेच ते!" बायाजी वरडला. "वर बसून देवीचं रगात पित्यात!"

त्येनं सगळं खरवडून काढलं. एक मुळी ठिवली न्हाय. पाट्या भरल्या आन गडग्यापल्याड वतल्या.

गडग्यापल्याड एक बाई हुबी व्हती. ती ठमा.

ठमा दोन पावसाळ्यांमागं खिंडीतनं उतरली व्हती. डोईवर घोंगडं, अंगावर एक लुगडं, बाकी काय न्हाय. राईच्या कडंला एक पडका गोठा व्हता, त्यात राहिली. "गाव कुठलं?" इचारलं तर म्हनायची, "पलीकडं." "मानसं कुठली?" "पलीकडं." रानातलं कंद उकरायची, गवत कापायची, गोवऱ्या थापायची. कुनाच्या दारात हात म्हनून पसरला न्हाय. आन त्येचाच तर गावाला जास्ती सौंशय. मागून खाल्लं असतं तर भिकारीन म्हनून गप बसलं असतं. मागत न्हाय, चोरत न्हाय, मग ही जगती कशावर? माघारी गाव तिला म्हनायचं, गावाच्या अंगावरचं बांडगूळ.

ठमानं त्या ढिगातली एक मुळी उचलली. म्हनली, "दादा, ह्यात जीव हाय की अजून. हिरवं हाय."

बायाजी घामानं निथळत व्हता. म्हनला, "आसंल."

"मग फेकतोस कशाला?"

"तुला काय करायचंय? टाकलेलं कुनाचं नसतं."

"म्या घिऊ?"

"घे आन मर!" असं म्हनून बायाजी घरला गेला आन पोटभर जेवला.

हे बोलनं दोघांतच झालं. तिसरं कुनी न्हवतं. ध्यानात ठिवा.

मग काय झालं, की झाडांवर चिंध्या दिसाय लागल्या. आदी राईखालच्या आंब्यावर. मग झऱ्याकडच्या जांभळीवर. मग पाटलाच्या बांधावरच्या ऐनावर. हिरव्या लुगड्याची चिंधी, फांदीला करकचून बांधलेली, आन चिंधीत ती गांडुळागत मुळी. दर दोन-चार दिसांनी चिंधी एक झाड म्होरं सरकायची.

गोजरा पानी आनून घागर उतरवत म्हनली, "अवं, त्या ठमीचं लुगडं बघितलं का?"

"म्या कशाला बायांची लुगडी बघू?"

"बघा की एकदा. दिसागनिक आखूड व्हतंय. घोट्यापतुर व्हतं ते पोटरीवर आलंय. येवढं कापड जातंय कुठं?"

बायाजीच्या मनात किडा वळवळला तो तवा. कापड कुठं जातंय हे त्येला ठावं व्हतं. पन कशापाय? सौंशयी मानूस एकदा इचार कराय बसला की त्येला वाईटच सुचतं. त्येच्या मनानं घेतलं, की देवीचं रगात पिनारी ती बांडगुळं ही बाई आता गावाच्या झाडांस्नी लावतीया, जळवा लावाव्यात तशी. झाडातनं बांधाचं, बांधातनं घराचं सगळं वढून घेनार. ही करनी हाय! आन करनीचा माल दिला कुनी? बायाजीनं सवताच्या हातानं.

हे त्यो कुनाला कसं सांगनार?

त्यो तिच्यावर पाळत ठिवाय लागला. गडग्याआड बसून बघायचा. ठमा झाडाखाली जायची, फांदीवर हात फिरवायची, लुगड्याचा पदर दातात धरून टर्रकन फाडायची आन मुळी बांधायची. बांधताना तोंडानं काय तरी पुटपुटायची. बायाजी कान लावायचा. मंतर ऐकू यील म्हनून श्वास रोखायचा. एकदा वारं त्येच्या अंगाला आलं आन त्येला ऐकू आलं. ती झाडाला म्हनत व्हती, "जरा जागा दे बाबा हिला. खानार न्हाय ती तुजं."

बायाजीला हे मंतरापरीस वंगाळ वाटलं.

तेवढ्यात पाटलाची म्हस आटली. पाटील म्हंजे ज्योत्याजी पाटील, गावचा कारभारी, आवाज ढोलागत. त्येच्या बांधावरच्या ऐनाला चिंधी, आन म्हस त्याच ऐनाखाली बांधायची. गावात कुजबुज झाली. पोरांस्नी ताकीद मिळाली, चिंधीच्या झाडाखाली जायचं न्हाय. मानसं बी ती झाडं आली की मान खाली घालून वाट वलांडायची. करनीकडं बघितलं की ती डोळ्यातनं आत शिरती, असं म्हंत्यात. म्हनून चैतात, वैशाखात त्या झाडांकडं वर तोंड करून एका मानसानं बघितलं न्हाय.

मिरीग आला. खिंडीवर ढग येऊन बसलं. पुरुष मंडळी आंघोळी करून राईत गेली, आन थोरल्या हिरड्याखाली बघतात तर फूल न्हाय. पाचोळा हातानं चाळला. एक पाकळी न्हाय.

"नीट बघा रं!" पाटील वरडला.

नीट बघितलं. न्हायच.

फूल न्हाय तर कौल न्हाय. कौल न्हाय तर पेरनी न्हाय. बी घरात आन ढग डोक्यावर. देवीनं तोंड मिटलं व्हतं. बाप्ये मानसं तिथंच मटकन बसली. एक म्हातारा रडाय लागला.

पाटलानं इचारलं, "बायाजी, राईतलं काय भाईर गेलंय का?"

बायाजी पाचोळा चाळायचा थांबला. शेंड्याला लोखंड लावलं व्हतं त्येनं, त्ये बी कौल न लावता. हे भाईर आलं तर राखनदारी जाईल, आन आज तर अंगावर वल्या फोकाचं वळ बी उठतील. त्यो म्हनला, "म्या त्या ठमीला गडग्याकडंला मुळ्या उचलताना बघितलंय."

बोलला ते खोटं न्हवतं. पन निम्मंच बोलला.

निम्म्यावर गाव पेटलं. समदी मंडळी गोठ्याकडं निघाली. ठमा दारात बसून चूल फुकत व्हती. लुगडं आता एवढं आखूड झालं व्हतं की तिनं वरनं घोंगडं गुंडाळलं व्हतं. पाटलानं तिचं बोचकं लाथेनं उलटं केलं. आतनं चोरीचं दानं निघालं न्हाय, सोनं निघालं न्हाय. उरलेल्या मुळ्या निघाल्या, वल्या पाचोळ्यात जपून ठिवलेल्या.

"हे काय गं, सटवे?" पाटील म्हनला.

"मुळ्या."

"देवीच्या राईतल्या?"

"राईतल्या न्हाय. राईभाईर टाकलेल्या." तिनं घोळक्यात नजर फिरवली आन बायाजीवर थांबवली. "ह्या दादानं दिल्या. म्हनला, टाकलेलं कुनाचं नसतं, घे. सांग की रं दादा ह्यास्नी."

समद्यांची तोंडं बायाजीकडं वळली. गोजरा बी बघत व्हती.

बायाजी म्हनला, "म्या हिच्याशी कदी बोललोच न्हाय."

ठमा त्येच्याकडं बघत राहिली. तिनं शिव्या दिल्या न्हायत, बोटं मोडली न्हायत, रडली बी न्हाय. शिव्या दिल्या असत्या तर बायाजीला बरं वाटलं असतं. ती मुळ्या गोळा कराय लागली आन म्हनली, "बरं. तू दिल्या न्हायस तर तुझ्या न्हाईत. तुमी देवीच्या बी मानत न्हाई, रगतपित्या म्हंता. मग ह्या माझ्याच झाल्या."

पाटलानं निकाल दिला. हिला खिंडीपल्याड घालवायची, आत्ताच्या आत्ता. आन वाटंत आनिक करनी बांधू नये म्हनून मागनं कोयता घिऊन जायचं बायाजीनं.

तर ठमा म्होरं, बायाजी मागं. गाव सपलं, चढन लागली. वाटंवरच्या पैल्याच झाडापाशी ठमा थांबली. घोंगड्याच्या आतनं लुगड्याची पट्टी टर्रकन फाडली आन मुळी बांधली.

"ए बये! बांधू नगंस!"

"कोयता हाय की हातात. तोड."

बायाजीनं कोयता उचलला. पन चिंधीला हात लावायची छाती हुईना. करनी तोडनाऱ्यालाच बाधती. त्येनं कोयता खाली घेतला, मान बी खाली घातली. ठमा म्होरं गेली, आनिक एक बांधली. मग आनिक एक. आता बघा, येका नऊवारी लुगड्यातलं निम्मंशिम्मं उरलेलं, त्येच्या किती चिंध्या निघतील? पन ती फाडत गेली आन झाडं मागं पडत गेली. ऐन, जांभूळ, हेळा, आंबा. टेकाडं मागं पडली तरी कापड सपंना. खोलाईच आतनं लुगडं इनत व्हती, असं म्हंत्यात.

वाटंत ती येकदाच बोलली. म्हनली, "दादा, तुज्या हिरड्याला ह्येनं न्हाय मारलं. वाळवी बघ बुंध्यात."

"तुला कुनी सांगितलं?" बायाजी म्हनला. सवयच ती.

"रोज राईपल्याडच्या कातळावर गोवऱ्या वाळत घालाय तिथनंच जायची की म्या. भुसा पडतो खाली."

खिंडीत धुकं व्हतं. खिंडीच्या तोंडाला एक वाकडा ऐन, आता बी हाय. तिथं ठमानं शेवटची मुळी काढली आन लुगड्याचा काठ तेवढा उरला व्हता, तांबडा, त्येनं बांधली. गाठ मारली, दोनदा वढून बघितली.

"सपलं लुगडं," ती म्हनली. घोंगडं आवळून घेतलं आन पलीकडच्या धुक्यात उतरली. मागं वळून बघितलं न्हाय.

बायाजी माघारी फिरला. मनात म्हनत व्हता, गेली, सुटलो. पन सुटल्यागत वाटत न्हवतं. झऱ्यापाशी आला, जांभळीखालनं मान खाली घालूनच चालला व्हता. ह्या जांभळीला तिनं शिमग्यानंतर बांधलेली चिंधी. तेवढ्यात खांद्यावर काय तरी टपकन पडलं. त्येला वाटलं किडा. झटकाय हात नेला.

फूल व्हतं. पांढरं, गुलाबी ठिपक्यांचं, मेनागत.

उजव्या खांद्यावर.

करनीची कुजबुज उठल्यापासनं त्येनं पैल्यांदा मान वर केली. चिंधी व्हती तिथंच. चिंधीतली मुळी आता जांभळीला मिठी मारून बसलेली, आन तिच्यातनं गजऱ्यागत लांब तुरा खाली सुटलेला, फुलांनी गच. म्होरच्या आंब्यावर तसाच. पाटलाच्या ऐनावर तसाच. सबंद रान लगडलं व्हतं, फुलं गळाय आत्ता कुठं लागली व्हती, आन गाव मान खाली घालून त्येच्याखालनं चालत व्हतं.

देवीचं फूल हिरड्याचं कदी न्हवतंच. आज्या-पंज्यापासनं ते ह्या मुळीचं. आन त्येनं सवताच्या कोयत्यानं ते खरवडून उकिरड्यागत फेकलं व्हतं, आन जिनं वाचवलं तिला घालवून आला व्हता.

त्यो पळत सुटला. ती समदी चढन उलटी धावला. खिंडीत उभा राहून वरडला, "ठमाई! अगं ठमाई! म्या बोललो व्हतो! म्याच म्हनलो व्हतो घे!" आदी ठमी म्हनायचा, आता आई जोडून हाक मारली. पल्याडनं त्येचाच आवाज माघारी आला. त्यो खाली उतरला, पलीकडचं रान हुडकलं, पलीकडच्या वाडीत इचारलं. असली बाई कुनी बघितलीच न्हवती, ना येताना, ना जाताना. वाटंत घोंगडं तेवढं सापडलं, असं काहीजन म्हंत्यात. काहीजन म्हंत्यात ते बी न्हाय.

बायाजी गावात आला आन देवीम्होरं समदं वकला. पाटलानं त्येच्या थोबाडीत मारली, ती त्येनं खाल्ली. गोजरा नुसती म्हनली, "मला तवाच कळलं व्हतं. तुमी मान खाली घालून बोलला, तवाच." मग बायाजीनं झऱ्याकडच्या जांभळीखाली पडलेली दोन फुलं पान्यात बुडवून देवीला लावली.

पाटील म्हनला, "इचार, पेरू का?"

बायाजी म्हनला, "आदी दुसरं." आन इचारलं, "आई, ती परत यील का?"

डावं फूल पडलं.

त्येनं नवी फुलं लावली आन मग पेरनीचं इचारलं. उजवं पडलं. गावानं पेरलं, आन त्या साली पिकलं बी. थोरला हिरडा मातुर गेला; बुंध्यात वाळवीनं पोखरलं व्हतं, ती म्हनली व्हती तसंच. बायाजीनं कोयता खिंडीतल्या ऐनाखाली पुरला. त्या दिसापासनं राईत लोखंड गेलेलं न्हाय.

खाली देशावर ह्या फुलाला सीतेची वेनी म्हंत्यात. म्हनू द्यात. आमच्यात ती ठमाईची चिंधी. राईपासनं खिंडीतल्या ऐनापतुर झाडाझाडाला हाय. ऐनापल्याड न्हाय. तोच पाऊस, तीच झाडं, पन एक तुरा दिसनार न्हाय. लुगडं जिथं सपलं तिथं फूल सपलं.

अजून बी वळवानं फांद्या मोडल्या की पडलेल्या मुळ्या गाव गोळा करतं आन बांधतं. चिंधी जुन्या फडक्याची चालत न्हाय. अंगावर नेसलेल्या कापडाची फाडायची, पाटील असो की कुनी असो. आन मिरगाला ऐनाच्या फांदीवर एक कोरं नऊवारी लुगडं ठिवायचं. सकाळी ते नसतं. पलीकडची वाडीवाली नेत्यात, हे समद्यांस्नी ठावं हाय. नेऊ द्यात.

कौल बी तसाच लागतो. पेरनीच्या आदी पैला सवाल तिचा. आन दर साली डावंच फूल पडतं. लोक काय सौंशय घ्यायचं सोडत्यात व्हय? मधी कुजबुज उठली, की राखन्या उजवं फूल मुद्दाम घट दाबतो. ती आली तर गावानं तोंड कसं दावायचं, म्हनून. त्यावरनं हानामारी झाली. तवापासनं राखन्याला हात लावू देत न्हाईत. बाहेरगावची एखादी सासुरवाशीन, त्या साली नवी आलेली, तिच्या हातनं फुलं लावत्यात. समदं गाव मान वर करून बघत बसतं.

तरी डावंच पडतं.

मागल्या मिरगाला मातुर उजवं हाललं. वारं न्हवतं, पाकोळी बसली न्हवती. समद्यांनी बघितलं. हाललं, थोडं सुटलं, आन तिथंच ऱ्हायलं.